श्रीअन्नाच्या तक्त्यात एक ओळ कमी आहे

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात बत्तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्या कार्यालयात ते वाचायला कुणी ना कुणी मराठी माणूस निघेलच. नाहीच निघाला, तरी ज्यांच्या भाकरीबद्दल हे आहे त्यांना ते वाचता आलं म्हणजे माझं अर्धं काम झालं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर गावी गेले, तेव्हा भावजय ओट्यावर सूप घेऊन बसली होती. खरिपाची ज्वारी काढणीला आली आणि नेमका चार दिवस पाऊस लागला. कणसं उभ्या ताटावरच भिजली. सुपातल्या दाण्यांत निम्मे पांढरे, बाकीचे काळपट, काहींवर गुलाबीसर बुरा. तिनं विचारलं, "अक्का, ही कोंबड्यांला टाकू का पाखडून आपणच खाऊ?"

बत्तीस वर्षं बुरशीची नावं फळ्यावर लिहिणाऱ्या बाईला या प्रश्नाचं उत्तर यायला हवं होतं. मला आलं नाही. हे पत्र त्या न आलेल्या उत्तराचं आहे, आणि झिअरालेनोन नावाच्या एका बुरशीविषाचं.

आमच्या मोंढ्यात असा माल गेला की आडत्या मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि म्हणतो, "डागी आहे." भाव पडतो. डागी माल कोंबडीखाद्याला जातो, दारूभट्टीला जातो, आणि जो विकलाच जात नाही तो पिकवणाऱ्याच्याच घरात खाल्ला जातो. पुण्यामुंबईच्या दुकानांत पाकिटातून मिळते ती बहुतेक रब्बीची मालदांडी. ती थंडीत, कोरड्या हवेत पिकते, तिला हा डाग सहसा लागत नाही. काळी ज्वारी हा खरिपाचा रोग आहे आणि तो आपणच थोडा ओढवून घेतला आहे. जुने उंच गावरान वाण पाऊस सरल्यावर फुलायचे. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं संकरित वाण आलं आणि त्यामागून लवकर येणाऱ्या वाणांची रांग लागली. उत्पादन वाढलं, त्याबद्दल तक्रार नाही. उपाशी पोटांना त्या काळात तेच हवं होतं. पण दाणा भरण्याची वेळ आता परतीच्या पावसात सापडते.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं. आपल्याच देशानं ते मागून घेतलं होतं. अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी-बाजरीला श्रीअन्न हे नाव मिळालं. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून तुम्ही पंधरा भरडधान्यांसाठी एक सामायिक मानक लागू केलं. मी ते दोनदा वाचलं. ओलावा किती, युरिक आम्ल किती (म्हणजे किड्यांची विष्ठा किती), काडीकचरा किती, किडके दाणे किती, सुरकुतलेले किती. चांगलं काम आहे, पण आमच्या आडत्याच्या तळहाताचीच ती सुधारलेली आवृत्ती आहे. दाण्यात जे दिसतं तेच ती मोजते.

जे दिसत नाही त्यासाठी तुमच्याकडे वेगळा तक्ता आहे, हे मला ठाऊक आहे. दूषकं आणि विषारी पदार्थांची २०११ची नियमावली. तिच्यामुळे आज धान्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीविषाला किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, गव्हातल्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या दुसऱ्या बुरशीविषाला १०००ची, दुधातल्या अफ्लाटॉक्सिन एम-१ला ०.५ची. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बुरशीविषांच्या त्या तक्त्यात २०११ साली झिअरालेनोन या नावाला ओळ मिळाली नाही. माझं सगळं म्हणणं त्या एका ओळीबद्दल आहे.

बुरशीचं विष म्हटलं की आपल्या व्यवस्थेच्या डोळ्यांपुढे १९७४ उभं राहतं, आणि ते रास्तच आहे. राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल जिल्ह्यांतल्या आदिवासी पाड्यांवर त्या वर्षी भिजलेला मका खाऊन ३९७ माणसं आजारी पडली, १०६ दगावली. आधी कावीळ, मग पोटात पाणी. घरातली कुत्री तेच अन्न खात होती, तीही मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माग काढला तो अफ्लाटॉक्सिनपाशी जाऊन थांबला. पुढे १९९५ साली दख्खनच्या पठारावर, आमच्यापासून फार लांब नाही, पावसात सापडलेली ज्वारी आणि मका खाऊन गावंच्या गावं पोटदुखीनं आणि जुलाबांनी हैराण झाली. ते फ्युमोनिसिन नावाचं बुरशीविष होतं. ते धान्य खाणं थांबल्यावर माणसं बरी झाली.

ही दोन्ही विषं गाजावाजा करत येतात. माणूस आडवा होतो, डॉक्टर येतो, वर्तमानपत्रात बातमी छापून येते, चौकशी बसते. झिअरालेनोन कुणाला आडवं करत नाही. ताप येत नाही, उलटी होत नाही. शरीरात शिरून ते हार्मोनचं सोंग घेतं.

हे पहिल्यांदा माणसांच्या नव्हे, डुकरांच्या लक्षात आलं, म्हणजे त्यांच्या मालकांच्या. अमेरिकेतल्या आयोवात १९२८ साली बुरसटलेला मका खाणाऱ्या माद्यांची जननेंद्रियं सुजू लागली. वयात न आलेल्या पिल्लीसुद्धा माजावर आल्यासारख्या दिसत होत्या. कारण हाती लागायला चौतीस वर्षं गेली. १९६२ साली पर्ड्यू विद्यापीठात बुरसटलेल्या मक्यातून तो पदार्थ वेगळा काढला गेला, आणि तेव्हाच्या निबंधानं त्याचं वर्णन शरीर वाढवणारा आणि गर्भाशय फुगवणारा असं केलं. १९६६ साली त्याचं बारसं झालं. हे काम करणारी बुरशी फ्युजॅरियम ग्रॅमिनिॲरम आणि तिचं गणगोत.

मला या गोष्टीतला पुढचा भाग सगळ्यात बोलका वाटतो. त्याच रेणूत किरकोळ फेरफार करून झेरॅनॉल नावाचं औषध तयार झालं. मांसासाठी पाळलेल्या जनावराच्या कानाच्या कातडीखाली त्याची गोळी बसवायची, म्हणजे जनावर लवकर भरतं. अमेरिकेत ते चाललं, युरोपनं त्यावर बंदी घातली, आणि १९९०च्या दशकात जागतिक व्यापार संघटनेत दोघांचं जे हार्मोनचं भांडण गाजलं त्यातल्या सहा पदार्थांपैकी एक हे झेरॅनॉल होतं. सांगायचा मुद्दा असा, की हा रेणू हार्मोनसारखा वागतो का, ही शंका कधीच मिटली आहे. त्यावर धंदा उभा राहिला होता.

तो पेशीत नेमकं काय करतो हे वर्गात समजावताना मी लग्नाच्या पंगतीचं उदाहरण द्यायची. पंगतीत ओळखीच्या चेहऱ्याचा माणूस येऊन बसला की वाढपी विचारत नाही, तू मुलाकडचा का मुलीकडचा. पान मांडतो आणि वाढत सुटतो. पेशीच्या केंद्रकात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसाठी राखलेलं पान असतं, त्याला ग्राही म्हणतात. झिअरालेनोनचं कडं अशा तऱ्हेनं वळतं की ते आपल्या शरीरातल्या इस्ट्रॅडिऑलसारखं (हे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन) त्या पानावर बसू शकतं. वाढपी कामाला लागतो: ज्या जनुकांना इस्ट्रोजेनच्या हाकेनं जाग येते ती जागी होतात, पेशीला वाढीचा हुकूम सुटतो.

माणसाच्या पेशींवर हे पाहायला वापरतात त्या पेशींना एमसीएफ-७ म्हणतात. १९७० साली डेट्रॉइटजवळच्या एका वृद्ध ननच्या छातीत साठलेल्या पाण्यातून त्या काढल्या होत्या. तिला स्तनाचा कर्करोग होता. १९७३ साली मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमधून त्यांची माहिती प्रसिद्ध झाली, म्हणून हे नाव. त्या माउलीच्या पेशी आजही जगभर बशांमध्ये वाढताहेत. इस्ट्रोजेन दिलं की या पेशी भराभर दुप्पट होतात, नाही दिलं की रेंगाळतात. मग संशयित पदार्थ घाला आणि पेशी मोजा, इतकी सरळ चाचणी.

सरळ म्हणाले खरी, पण हाताळायला बसलं की कळतं. एका उन्हाळी प्रशिक्षणात मी या पेशींशी सहा आठवडे झगडले होते. पेशी ज्या गुलाबी रसात वाढवतात त्याचा तो गुलाबी रंगच, फिनॉल रेड, हलकंसं इस्ट्रोजेनचं काम करतो. म्हणून बिनरंगाचा रस घ्यावा लागतो. त्यात घालायच्या सीरममधले हार्मोन कोळशाच्या भुकटीनं शोषून काढावे लागतात. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात ॲना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन यांच्या प्रयोगशाळेत तर पेशी काहीही न घालता वाढायला लागल्या, आणि शोध घेता घेता गुन्हेगार निघाली प्लास्टिकची नळी. तिच्यातून नोनिलफिनॉल हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन उतरत होतं. एवढ्या हळव्या पेशी आहेत.

या पेशींवर झिअरालेनोन घातलं की त्या वाढतात. इस्ट्रोजेनची वाट अडवणारं औषध सोबत दिलं की वाढ थांबते. ज्या पेशींत इस्ट्रोजेनचा ग्राहीच नाही, त्यांना या विषाची अशी हाक ऐकूच जात नाही. म्हणजे पाहुणा कुठल्या पानावर बसतो याबद्दल शंका उरत नाही.

झिअरालेनोन स्वतः इस्ट्रॅडिऑलपेक्षा बरंच दुबळं आहे. फक्त पोटात गेल्यावर ते तसंच राहत नाही. यकृतात त्याचं अल्फा-झिअरालेनॉल आणि बीटा-झिअरालेनॉल होतं. बीटा थंड, अल्फा तिखट. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ साली या भावंडांना ताकदीचे आकडे दिले तेव्हा झिअरालेनोनला १ धरलं, तर बीटाला ०.२ आणि अल्फाला ६०. गाय बहुतांशी बीटा बनवते म्हणून ती फारशी कुरकुर करत नाही. डुक्कर अल्फा बनवतं म्हणून ते सुजतं. या बाबतीत माणसाचं यकृत गायीपेक्षा डुकराच्या जवळचं आहे. ऐकायला बरं वाटत नाही, पण आहे.

२०११ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या गटानं आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी ग्राहीवर बसणं तर तपासलंच, शिवाय माणसाच्या मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीपासून वाढवलेल्या पेशी घेतल्या, ज्या स्वतः हार्मोन बनवतात. तिथे या विषकुळातल्या पदार्थांनी पेशींच्या हार्मोन बनवण्याच्या प्रमाणातच ढवळाढवळ केली. म्हणजे पाहुणा नुसता पंगतीत बसला नाही, मुदपाकखान्यातही जाऊन आला. त्यासाठी लागलेली मात्रा ग्राहीवर बसायला लागते त्याहून बरीच मोठी होती, हेही सांगायला हवं.

आता पुन्हा काळ्या ज्वारीकडे. इथे मला माझ्याच म्हणण्याला लगाम घालावा लागतो. आमच्या ज्वारीवर येणाऱ्या फ्युजॅरियमच्या पुष्कळशा जाती फ्युमोनिसिन बनवणाऱ्या आहेत, झिअरालेनोन बनवणाऱ्या नव्हेत. झिअरालेनोनचं खरं माहेर मका, गहू आणि सातू. पण ज्वारीवर झिअरालेनोन बनवू शकणाऱ्या जातीही सापडतात, आणि दाण्याला तो काळा रंग आणणाऱ्यांत अल्टरनेरिया नावाची बुरशी असते. तिचं अल्टरनेरिऑल हे विष माणसाच्या गर्भाशयाच्या अस्तरापासून वाढवलेल्या पेशींत इस्ट्रोजेनसारखं वागतं, असं २००६ साली जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. झिअरालेनोनच्या मानानं ते फारच अशक्त, पण सुपातल्या एका मुठीत या दोन-तीन बुरशा एकत्र नांदतात. तुमचे तक्ते मात्र एकेका विषाला वेगवेगळ्या खोलीत बसवतात.

या विषयावर बोलले की बायका मला हमखास एकच विचारतात: हल्ली मुलींना पाळी लवकर येते ती यामुळेच का? मोबाइलवर तसे संदेश फिरतात. कधी दुधाला दोष, कधी कोंबडीला, उद्या ज्वारीला. मी त्यांना न्यू जर्सीची गोष्ट सांगते. तिथे नऊ-दहा वर्षांच्या १६३ मुलींची लघवी तपासली, तेव्हा ७८.५ टक्के मुलींच्या लघवीत या कुळातले पदार्थ सापडले. म्हणजे श्रीमंत देशातही ते पोटात जातात. पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत ज्या मुलींत हे पदार्थ सापडले त्यांची उंची कमी होती आणि त्या वयात येण्याच्या खुणा उलट उशिरा दाखवत होत्या. इटलीतल्या तस्कनीत आणि त्याआधी हंगेरीत लवकर वयात आलेल्या मुलींच्या रक्तात हे विष जास्त सापडल्याचं वाचायला मिळतं. दोन दिशांना जाणारे दोन पुरावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९३ साली झिअरालेनोनला तिसऱ्या गटात ठेवलं, म्हणजे माणसात कर्करोग करतं असं ठरवण्याजोगा पुरावा नाही. बशीतली पेशी म्हणजे पोरगी नव्हे. पोरीला यकृत आहे, आतडं आहे, विष बांधून लघवीवाटे बाहेर टाकण्याची यंत्रणा आहे. तेव्हा माझ्या पत्राचा आधार घेऊन कुणी उद्या "ज्वारी खाऊ नका" अशी आरोळी ठोकली, तर त्याच्या दारात जाऊन भांडणारी पहिली मीच असेन.

मग मागणी कशाची करते आहे? मोजण्याची. आणि मोजून झाल्यावर मर्यादा ठरवताना तागडीच्या एका पारड्यात भाकरी ठेवण्याची. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्याकडे मर्यादा ठरवायची वेळ आली की सोपी वाट असते: युरोपचा आकडा उचलायचा. युरोपात थेट खाण्याच्या पिठाला झिअरालेनोनची मर्यादा किलोमागे ७५ मायक्रोग्रॅम आहे (थेट खाण्याच्या मक्याला १००), आणि तान्ह्या बाळांच्या धान्याच्या खाण्याला २०. कागदावर हे कडक दिसतं. पण त्यामागचा हिशेब पाहा. रोज किती पोटात गेलं तर चालेल याचा त्यांचा आकडा आहे शरीराच्या दर किलोला ०.२५ मायक्रोग्रॅम. तो आला डुकराच्या पिल्लींवरून: किलोला साधारण १० मायक्रोग्रॅमपर्यंत त्यांच्यात काही दिसलं नाही, त्याला सावधगिरी म्हणून ४०नं भागलं. अन्न आणि आरोग्याच्या जागतिक संघटनांच्या संयुक्त समितीचा २००० सालचा आकडा थोडा सैल आहे, ०.५.

आता आमच्या शेतावर निंदणीला येणारी बाई घ्या. वजन ५० किलो. युरोपच्या हिशेबानं तिनं दिवसाला १२.५ मायक्रोग्रॅमच्या आत राहायला हवं. ती दिवसभरात चार-पाच भाकरी खाते, म्हणजे ४०० ग्रॅम पीठ धरा. तेवढ्या पिठात युरोपच्या नियमात बसणारं, किलोमागे ७५चं विष असेल, तर तिच्या पोटात ३० मायक्रोग्रॅम जाईल. चालण्याजोग्या मात्रेच्या दुपटीहून जास्त. जागतिक समितीच्या सैल आकड्यानंसुद्धा तिची रेघ २५वर आहे, तीही ओलांडली गेली. आणि हे सगळं कायद्यात बसून! तिला सुरक्षित ठेवायचं तर पिठातली मर्यादा ३१च्या आसपास लागेल. तिचं १५ किलोचं पोर दिवसाला १५० ग्रॅम खात असेल तर त्याच्यासाठी २५.

युरोपचा माणूस दिवसभर एकाच धान्यावर राहत नाही. पाव, बटाटा, मांस, चीज. धान्याचा वाटा लहान. आमच्याकडे भाकरी हेच जेवण, कालवण तोंडी लावायला. म्हणून आकडा उसना घेऊ नका. राष्ट्रीय पोषण संस्थेकडे कोण किती धान्य खातं याची पाहण्यांची माहिती आहे, तीवरून आपला आकडा काढा. त्यात सरासरी माणूस पकडू नका. रोज पाच भाकऱ्या खाणारी बाई पकडा.

मोजायचं कुठे, हा पुढचा प्रश्न, आणि इथे थोडी घरची रडकथा. भावजयीच्या सुपातलं धान्य मी तीन पुड्यांत भरलं: पांढरे दाणे एकीत, काळे दुसरीत, गुलाबी बुऱ्याचे तिसरीत. जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी प्रयोगशाळेत घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, अफ्लाटॉक्सिन करायचं ना?" मी म्हटलं, झिअरालेनोन. त्यानं स्पेलिंग विचारलं. आत जाऊन आला आणि म्हणाला, "ती टेस्ट कुणी मागतच नाही, म्हणून ठेवत नाही." तिन्ही पुड्यांचं अफ्लाटॉक्सिन करून दिलं, तिन्ही मर्यादेत, खाली शिक्का. त्या मुलाचा दोष काढत नाही. तो अगदी खरं बोलला. तक्त्यात ओळ नाही म्हणून कुणी चाचणी मागत नाही, कुणी मागत नाही म्हणून आकडे जमत नाहीत, आणि उद्या तुमच्याच एखाद्या बैठकीत म्हटलं जाईल की आकडे नाहीत, म्हणून ओळ घालता येत नाही.

हा पेच सोडवणं तुमच्याच हातात आहे. मर्यादा उद्याच घाला असं मी म्हणत नाही. आधी दोन खरीप आणि एक रब्बी नुसते नमुने गोळा करा. मोंढ्यातून करा, रेशन दुकानातून करा, आणि मुख्य म्हणजे घरातल्या कणगीतून करा, कारण सगळ्यात वाईट धान्य बाजारात येतच नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, नाशिक, जळगाव या पट्ट्यातला मका घ्या. काढणीनंतर कणसांचे ढीग शेतातच पडून राहतात आणि त्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस होतो. झिअरालेनोनला ओल हवी असते आणि गारवा मानवतो, आणि त्या दिवसांतल्या रात्री गार असतात. मक्याचं तेलही तपासा. हे विष स्निग्धात विरघळतं, दळणात मक्याच्या कोंबाकडे जातं आणि तिथून तेलात उतरतं. युरोपनं शुद्ध केलेल्या मक्याच्या तेलाला वेगळी मर्यादा घातली आहे ती त्यासाठीच. मार्चच्या गारपिटीत सापडलेला गहूही विसरू नका. आणि झिअरालेनोन मोजताना त्याचा साखरेला चिकटलेला जोडीदारही मोजा. वनस्पती हे विष स्वतःपुरतं निष्प्रभ करायला त्याला ग्लुकोज जोडून ठेवते. नेहमीच्या चाचणीला तो जोडीदार दिसत नाही, आणि आपल्या आतड्यात ती गाठ सुटते.

एका गोष्टीची मला धास्ती आहे, ती आधीच सांगून ठेवते. मर्यादा आली की तिचा पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. आज "डागी" म्हणून भाव पाडतात, उद्या "झिअरालेनोन" म्हणून पाडतील, आणि चाचणीची पट्टी कुणी पाहिलेलीसुद्धा नसेल. सरकारी खरेदीला १४ टक्के ओलाव्याची अट आहेच. ती अट पाळायला शेतकऱ्याकडे काय असतं? डांबरी रस्ता आणि ऊन. रस्त्यावर मका पसरला की गाड्यावाले शिव्या घालतात. गावोगाव वाळवणीची यंत्रं आणि कोरडं गोदाम हे तुमच्या खात्याचं काम नाही, मला कळतं. पण मर्यादेचा मसुदा काढाल तेव्हा त्याला जोडून कृषी खात्याला एक पत्र लिहिणं तर तुमचं काम आहे. बुरशीविष शेतात आणि ढिगात जन्मतं. प्रयोगशाळेत ते फक्त सापडतं.

भावजयीला मी शेवटी काय सांगितलं तेही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईनं प्रश्न अर्धाच सोडला. गुलाबी बुऱ्याचे दाणे टाकून दे म्हटलं. बाकीचे पाण्यात घालून ढवळ, बुरशीनं पोखरलेला दाणा हलका असतो, तो वर येईल, तो काढ. उरलेले कडक उन्हात वाळव. खूप भाजलं म्हणजे विष जाईल असं समजू नकोस. तव्याची धग याला पुरत नाही. आणि जमलं तर पोरांना या महिन्यात बाजारातली रब्बीची ज्वारी आणून घाल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आपली ज्वारी कुणी खायाची?"

पुढच्या वेळी गेले तेव्हा तिनं ती खाल्ली होती. फेकून द्यायला ती काही माझ्यासारखी पेन्शनर नाही.

तिन्ही पुड्या माझ्या फ्रीजमध्ये आहेत. प्लास्टिकच्या डबीत, आत कोरडेपणासाठी सिलिकाची पाकिटं, वर तारीख आणि शेताचा गट क्रमांक लिहिला आहे. झिअरालेनोन आणि त्याचा साखरेचा जोडीदार, दोन्ही मोजून देणारी तुमच्या मान्यतेची प्रयोगशाळा महाराष्ट्रात कुठे आहे आणि शुल्क किती, एवढं कळवलंत तर पैसे मी भरते. अहवाल आधी भावजयीला वाचून दाखवेन, मग तुम्हाला पाठवेन.

आपली,
मराठवाड्यातील एक निवृत्त शिक्षिका